२००३ च्या टॅकोमाला लिफ्ट आणि ३३ चे टायर : दुसऱ्यांदा पैसे घातले तेव्हा नीट झालेलं काम

डेन्व्हरच्या उत्तरेला एक छोटं फोर बाय फोरचं गॅरेज आहे, तीन गाड्या मावतील एवढी जागा, एक साठी उलटलेला मिस्त्री आणि हाताखाली दोन पोरं, एवढाच पसारा. ह्या उन्हाळ्यात तिथे माझ्या २००३ च्या टोयोटा टॅकोमा पिकअपला लिफ्ट करून (म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करून) ३३ इंची टायर बसवून घेतले. आता पाच महिने झाले, साधारण सहा हजार मैल गाडी फिरली, म्हणून आज लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर "लई भारी दिसते" ह्यापलीकडे काही लिहिता आलं नसतं. गॅरेजचं नाव टाकत नाही कारण त्यांच्या दोन गोष्टी पटल्या नाहीत त्यापण खाली लिहिल्यात.

गाडीबद्दल थोडं. एक्स्ट्रा कॅब, ३.४ लिटर व्ही६, ऑटोमॅटिक, टीआरडी (टोयोटाचं ऑफरोड) पॅकेज म्हणजे मागच्या एक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारी सोय) कंपनीतूनच आलेला. सहा वर्षांपूर्वी मुद्दाम न्यू मेक्सिकोत जाऊन घेतली, कारण ह्या पिढीच्या टॅकोमाचं (१९९५ ते २००४) सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे चासीचा गंज. २००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० च्या चासी कुजलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट पैसे देऊन परत घेतल्या होत्या, त्यावरून काय ते समजा. न्यू मेक्सिकोची हवा कोरडी, त्यामुळे माझी गाडी खालून बऱ्यापैकी स्वच्छ मिळाली. इंजिनाबद्दल तर बोलायलाच नको, ९० हजार मैलांना टायमिंग बेल्ट बदला, ऑइल वेळेवर करा, बाकी ते इंजिन तुम्हाला काही मागत नाही.

आता आधी जे चुकलं ते सांगतो, कारण बरेच जण तिथेच फसतात. तीन वर्षांपूर्वी घराजवळच्या एका दुकानात ३ इंची स्पेसर लिफ्ट करून घेतली होती. स्पेसर म्हणजे पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसवायची एक धातूची चकती, स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, फक्त सगळं असेंब्ली खाली ढकलायचं. चाक धरणाऱ्या आर्मच्या तरफेमुळे दीड इंचाच्या चकतीने गाडी पुढून तीन इंच उचलते, दुपारच्या जेवणाआधी काम होतं आणि स्वस्तात होतं. मी तेव्हा म्हटलं टायर नंतर घेऊ, आधी उंची करून घेऊ. आणि इथेच माझं गणित उलटं होतं. लिफ्ट केली की बॉडी आणि चासी वर जाते, पण मागचा एक्सल जिथे होता तिथेच राहतो, कारण तो चाकाला बांधलेला आहे, त्याच्याखालची जागा फक्त टायर मोठा केल्यानेच वाढते. लिफ्टचं खरं काम काय तर त्या मोठ्या टायरला मडगार्डात फिरायला जागा करून देणं. मी जागा केली आणि टायर जुनाच ठेवला, त्यामुळे दगडावर डिफरन्शियलचा गोळा (एक्सलच्या मधोमध असलेला गिअरचा डबा) आधी जसा घासायचा तसाच घासत राहिला.

बरं घासणं परवडलं, पण चाक खाली लोंबलं की पुढून "थाड" असा आवाज यायचा, कारण शॉकअप पूर्ण ताणून त्याच्या टोकाला आदळायचा. घरासमोरच्या साध्या स्पीड हंपवरसुद्धा. सव्वा वर्षात डाव्या बाजूच्या एक्सलचा रबर बूट (सांध्यातलं ग्रीस झाकून ठेवणारं रबर) फाटला, एक दिवस गाडी धुताना बघतो तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस गोल फवारल्यासारखं उडालेलं. त्या दुकानात गेलो तर म्हणे गाडी जुनी आहे, होणारच. गाडी जुनी होती हे खरं, पण चकती घालण्याआधी तो बूट धड होता.

म्हणून ह्या वेळी चौकशी करून ह्या गॅरेजला गेलो. मला पहिल्याच दिवशी आवडलेली गोष्ट सांगतो. मी टायरची साइज, स्प्रिंगचे नंबर सगळं फोनमध्ये लिहून नेलं होतं, त्यातलं काही न ऐकता म्हातारबाबांनी गाडी वर घेतली आणि छोटी गोल तोंडाची हातोडी घेऊन खाली शिरले. मागच्या पाट्यांच्या शॅकलपाशी, मग जिथे चासी एक्सलवरून वळते तिथे, मग कॅबच्या मागे, असं दर वीतभर अंतरावर ठोकत गेले. चांगल्या लोखंडाचा आवाज टणक येतो, आतून कुजलेलं असेल तर बद्द येतो, अगदी आपल्याकडे माठ घेताना वाजवून बघतात तसं. वीसेक मिनिटं नुसतं ठोकणं चाललं होतं. चासी पास झाली. माझा जीव भांड्यात पडला.

मग पुढच्या चाकाखाली लांब पहार घातली, चाक वर उचलल्यासारखं केलं आणि मला म्हणाले लोअर बॉल जॉइंटवर (चाक खालच्या आर्मला जोडणारा गोळीचा सांधा) बोट ठेव. प्रत्येक वेळी पहार दाबली की बोटाखाली बारीक टक् व्हायचं. तेवढा प्ले. ह्या गाडीत हा जॉइंट असा बसवलाय की गाडीचं वजन त्याला दाबत नाही, ओढतं, म्हणजे झिजत झिजत एक दिवस खोबणीतून सुटला की चाक मडगार्डखाली आडवं पडतं आणि गाडी नाकावर बसते. पार्किंगमध्ये वळताना झालं तर नशीब, हायवेला ७० ने जाताना झालं तर विचार करवत नाही. २००५ मध्ये टोयोटाने ह्याच जॉइंटसाठी रिकॉल पण केला होता. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे दोन जॉइंट आणि त्यांचे चार चार बोल्ट नवीन आणि कंपनीचेच घातल्याशिवाय मी ३३ चे टायर लावणार नाही, पटत नसेल तर दुसरीकडे जा. गिऱ्हाईक समोर पैसे घेऊन उभं असताना नाही म्हणणारा मिस्त्री मला इथे सोळा वर्षांत पहिल्यांदा भेटला. आणि ह्याच्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहितोय खरं तर.

सामान म्हणून ओल्ड मॅन इमूचा सेट घेतला, ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा ब्रँड. पुढे ८८१ स्प्रिंग (पुढे लोखंडी बंपर किंवा विंच असेल तर ८८२ घेतात, माझा बंपर कंपनीचाच आहे), त्यांचेच नायट्रोचार्जर शॉकअप, मागे डकारचे पाटे. उंची पुढून अडीच इंच मिळाली, म्हणजे स्पेसरपेक्षा कमीच, पण ही उंची स्प्रिंगची आहे, शॉकअपची लांबी तिच्या हिशोबाने आहे, त्यामुळे थाड आवाज त्या दिवसापासून बंद. पुढचा डिफरन्शियल इंचभर खाली घेणारी छोटी किट पण लावली, एक्सलचा कोन जरा सरळ होतो आणि बूटवरचा ताण कमी होतो. मागचे जुने पाटे काढून जमिनीवर ठेवले तेव्हा बघितलं, कमान अशी राहिलीच नव्हती, पार सपाट झालेले. लहानपणी पाटणच्या बाजूला वडापच्या जीपमध्ये मागे लोंबकळून गेलोय, तिथे पाटा तुटला की सगळे खाली उतरून बघायचे, त्यामुळे पाटा हा शब्द माझ्यासाठी प्रेमाचा आहे. नवीन पाटे रिकाम्या गाडीत पहिले हजार मैल चांगलेच कडक वाटले, मग बसले. आता मागे सामान भरून गेलं की गाडी खूप गुणी चालते.

कामात सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला तर कॅम बोल्टवर. लोअर आर्मचे हे बोल्ट फिरवून अलाइनमेंट सेट करतात, पण वीस वर्षांत ते बुशच्या आतल्या नळीत असे धरले होते की तापवून, तेल मारून, मोठी पाइप लावून सुद्धा हलले नाहीत. शेवटी कापून काढले, बुशसकट नवीन घातले. जुनी टॅकोमा लिफ्ट करणार असाल तर हा खर्च आधीच धरा, चारातले दोन तरी अडकलेले निघतातच. वरचे आर्म पण बदलले, कारण उंची वाढली की कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, मग स्टेअरिंग हायवेला हलकं हलकं होऊन गाडी भरकटल्यासारखी वाटते, आणि वर चाक मागे सरकून कॅबच्या खालच्या माउंटला (कॅब चासीवर जिथे बसते तो आधार) घासतं. नवीन आर्मनी कॅस्टर तीन डिग्रीच्या आसपास मिळाला, हात सोडला तर गाडी सरळ जाते.

टायर बीएफगुडरिचचे केओ२, २८५/७५ आर १६. ह्याला सगळे ३३ म्हणतात पण हिशोब केला तर ३२.८ इंच येतो, कंपनीचा २६५/७० आर १६ होता तो ३०.६. म्हणजे डिफरन्शियलखाली वाढलेली जागा फक्त १.१ इंच! एवढ्या सगळ्या खर्चाची खरी कमाई ती एक इंच आणि वर दगडावर चढायला मिळालेला कोन, पण डोंगरात एक इंच म्हणजे किती ते ज्याची गाडी दगडावर अडकून राहिलीय त्याला विचारा. घरी बाथरूमच्या वजनकाट्यावर दोन्ही चाकं रिमसकट ठेवून बघितली, जुनं ६१ पौंड, नवीन ७८. प्रत्येक चाकाला १७ पौंड जास्त, तेही फिरणारं वजन, ते ब्रेकला पण थांबवायचंय आणि इंजिनाला पण ओढायचंय.

हे टायर अडीच इंच लिफ्टवर काही न कापता मावत नाहीत, चाकं सरळ असताना मावतात, पण पूर्ण वळवून खड्ड्यात गेलात की मागच्या बाजूला घासतात. त्यामुळे मडफ्लॅप काढले, मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकचा कोपरा कापला, चाकाच्या मागे बॉडीच्या पत्र्याची जी उभी कड असते ती हातोडीने सपाट करून रंग मारला, आणि कॅब माउंटचा पुढचा कोपरा कापून तिथे पट्टी वेल्ड केली. शेवटचं काम ऐकून पोटात गोळा येतो कारण चासीला जोडलेली वस्तू कापायचीय, पण वेल्डिंग इतकं स्वच्छ केलंय की माहीत नसलेल्याला कळणार नाही. कापलेल्या जागी उघडं लोखंड ठेवलं नाही ना हे मात्र स्वतः खाली वाकून बघा, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, एका सीझनमध्ये गंज धरतो.

अजून एक गोष्ट, जी स्पेसरवाल्या दुकानाने सांगितलीच नव्हती. ह्या गाडीत मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व्ह आहे, त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. मागे सामान भरलं की गाडी बसते, दांडी वर जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. मागून लिफ्ट केली की व्हॉल्व्हला कायम वाटतं की गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. तेवढीच उंची भरून काढणारा ब्रॅकेट घालून दांडी सेट करायची, अर्ध्या तासाचं काम. तीन वर्षं मी अर्ध्या ब्रेकवर फिरत होतो आणि बायको पोरांना घेऊन फिरत होतो, हे कळलं तेव्हा खूप राग आला.

गिअर. जूनमध्ये टायर लागल्यावर आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढत होतो, बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे, एवढ्या उंचीवर इंजिनाची ताकद तशीच कमी झालेली असते. गाडी चौथ्यात टिकेना, तिसऱ्यात जाई, परत चौथा, परत तिसरा, ट्रान्समिशनची नुसती धावपळ, ट्रकच्या लेनमध्ये ४५ ने चाललोय. कंपनीचं डिफरन्शियल ४.१० चं, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट ४.१० वेळा फिरतो. मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं की ३३ घातले तर ४.८८ करावेच लागतील, मी पैशांसाठी दोन महिने थांबलो आणि ते दोन महिने गाडी चालवायला मजा आली नाही. ऑगस्टमध्ये पुढे मागे दोन्हीकडे ४.८८ केले, पाचशे मैल हळू चालवून ऑइल बदललं, आणि गाडीत जीव आला. पहिल्यापेक्षाही हलकी पळते. ह्यात स्पीडोमीटरची गंमत बघा. टायर मोठे झाल्यावर काटा ७० दाखवायचा तेव्हा खरा वेग ७५ असायचा, आणि गिअर बदलल्यावर उलटं, ७० दाखवला की खरे ६३, कारण ह्या गाडीत सेन्सर ट्रान्सफर केसपाशी (पुढच्या मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा), म्हणजे डिफरन्शियलच्या आधी आहे. सेन्सरच्या वायरीत एक छोटा करेक्शन बॉक्स घातला, जीपीएसशी जुळवलं, प्रश्न मिटला. अॅव्हरेज आधी गॅलनला १८ मैल होता, आता खऱ्या मैलांच्या हिशोबाने साडेपंधरा.

सप्टेंबरमध्ये अल्पाइन लूपला गेलो, सॅन वॉन डोंगरातला लेक सिटी, सिल्व्हरटन, ऊरे ह्यांना जोडणारा जुना खाणींचा रस्ता. ऊरेच्या बाजूने एंजिनिअर पासची सुरुवातच वाईट आहे, एका बाजूला दरी आणि खाली पायऱ्यांसारखे दगड. दोन वर्षांपूर्वी स्पेसरवर ह्याच ठिकाणी डिफरन्शियल दगडावर बसलं होतं, मागचा एक माणूस उतरून दगड लावत होता आणि मी घामाघूम. ह्या वेळी टायरची हवा १८ पीएसआयला आणली, लो रेंजमध्ये (डोंगरासाठीचा हळू पण ताकदीचा गिअर) पहिला टाकला आणि अॅक्सिलरेटरला पायही न लावता गाडी एक एक पायरी चढत गेली. टायर दगडाला पीठ मळल्यासारखा धरतो, बाजूच्या खिडकीतून वाकून बघा, रबर अक्षरशः दगडाच्या आकाराचं होतं. लॉकर एकदाच लावावा लागला. वर १२,८०० फुटांवर वारा इतका की दार धरून उघडावं लागलं, थर्मासमधला चहा प्यायलो, शंकरपाळ्या खाल्ल्या, आणि पोरगा म्हणाला बाबा आवाज नाही आला खाली. त्याच्याही लक्षात होता तो आवाज.

गॅरेजच्या न पटलेल्या गोष्टी. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले आणि मधे फोन उचलत नाहीत, स्वतः जाऊन विचारावं लागलं. कॅम बोल्टमुळे उशीर झाला हे समजू शकतो, पण एक मेसेज करायला काय जातं. दुसरं, गाडी देताना टायरमध्ये ५० पीएसआय हवा होती. हे ई लोडचे (जास्त वजन पेलणारे) जाड टायर, माझी गाडी हलकी, एवढ्या हवेवर गाडी बैलगाडीसारखी उडते आणि टायर फक्त मधे झिजतो. घरी खडूने ट्रेडवर आडवी जाड रेघ मारली, गाडी सरळ शंभर फूट पुढे नेली, रेघ मधलीच पुसली गेली. हवा कमी करत करत ३३ ला रेघ पूर्ण रुंदीत सारखी पुसली गेली, तेव्हापासून ३३ ठेवतो. नवीन टायर घेतलेल्या प्रत्येकाने हे करा, एक खडू लागतो फक्त.

आई फेब्रुवारीत इस्लामपूरहून येतेय. तिचे गुडघे दुखतात आणि गाडीची पायरी आता माझ्या मांडीला लागते, म्हणून दोन्ही बाजूला रॉक स्लायडर (दाराखालच्या लोखंडी दांड्या) लावून घेतले, दगडाला पण कामाचे आणि आईला पाय ठेवायला पण. त्यातही एक लाकडी पाट गाडीत टाकून ठेवलाय. घरात म्हातारी माणसं असतील तर लिफ्टचा विचार करताना हे आधी धरा, नंतर सुचलं तर वाईट वाटतं.

खर्च विचाराल म्हणून माझी बिलं गोळाबेरीज सांगतो. सस्पेन्शनचं सामान १३५०, वरचे आर्म ६००, बॉल जॉइंट आणि कॅम बोल्ट बुश मिळून ७००, मजुरी कापणं वेल्डिंग धरून १४००, स्पेअरसकट पाच टायर १५००, गिअर २३००. म्हणजे जवळपास ७,८५० डॉलर, स्लायडर वेगळे. आधीचे स्पेसरचे साडेचारशे आणि फाटलेल्या एक्सलचे पैसे पाण्यात गेले ते वेगळेच. गाडीच्या किमतीच्या मानाने जास्त वाटतं, पण आजच्या नवीन ट्रकची किंमत बघितली तर मला ह्यात काही चुकलं असं वाटत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर आधी बॉल जॉइंट, बुश, ब्रेक, मग सस्पेन्शन, मग टायर आणि गिअर एकदम.

पुण्याचा मित्र त्याच्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला असंच करायचं म्हणतोय. त्याला म्हटलं तिकडे आधी आरटीओचं बघ, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. इथेही मी सगळी बिलं इन्शुरन्सला पाठवून लेखी कळवलंय.

पाचशे मैलांनी पाटे एक्सलला धरणारे यू बोल्ट परत आवळायला गेलो होतो, पैसे घेतले नाहीत. सगळे नट जवळपास पाव फेरा फिरले, म्हणजे ते विसरू नका. पुढच्या महिन्यात टुंड्राचे (टोयोटाचा मोठा पिकअप) मोठे ब्रेक कॅलिपर आणि रोटर बसवायचे ठरलेत, कारण ७८ पौंडांची चाकं उतारावर थांबवताना पायाला जाणवतं. आणि नंतर लोखंडी बंपर लावायचा विचार आहे, तेव्हा ८८१ काढून ८८२ घालावे लागतील का चालून जाईल, कुणी वापरले असतील तर जरूर लिहा.